काजूच्या बोंडांपासून इथेनॉल: यीस्ट कुठलं, निघेल किती, आणि परवडेल का?

सावंतवाडीकडच्या दहा-बारा काजू बागायतदारांच्या गटाने विचारलं आहे. मार्च ते मे बी गोळा होते आणि बोंडं झाडाखाली कुजतात. पलीकडे गोव्यात त्याचीच फेणी होते, आमच्याकडे नुसत्या माश्या होतात, असं त्यांचं म्हणणं. प्रश्न तीन आहेत: उन्हाळ्याला आणि आंबटपणाला दाद न देणारं काटक यीस्ट वापरून यातून इंधनाचं इथेनॉल निघेल का, बेकरीचं यीस्ट चालेल का, आणि टनाला किती लिटर पडेल?

मी मळीवर चालणाऱ्या डिस्टिलरीत बावीस वर्षं फर्मेंटेशनला होतो. नंतरची काही वर्षं फळांच्या टाकाऊ मालावर चाचण्या घेण्यात गेली. यीस्टचा प्रश्न सुटतो. बोंडाच्या रसात पाणी फार आणि साखर थोडी, हा प्रश्न मात्र सुटत नाही. त्याला वळसा घालावा लागतो. दोन्हींबद्दल लिहितो, पण आधी हिशेब.

एक टन बोंडं दाबली की 650 ते 700 लिटर रस निघतो. नीट पिकलेल्या बोंडाच्या रसात साखर 11 टक्क्यांच्या आसपास धरा, म्हणजे झाली 75 किलो. 180 ग्रॅम ग्लुकोजमधून 92 ग्रॅम इथेनॉल आणि 88 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड, हे प्रमाण रसायनशास्त्राने बांधून दिलंय. कितीही भारी यीस्ट आणा, त्यात एका ग्रॅमची भर पडत नाही. लिटरमध्ये सांगायचं तर किलोभर साखरेचं 0.648 लिटर. 75 किलोचे 48 लिटर झाले. पण यीस्ट स्वतः वाढायला साखर खातं, थोडी ग्लिसरॉलमध्ये जाते, थोडी जिवाणू पळवतात. 85 टक्के हाती लागलं तर मी ऑपरेटरला चहा पाजायचो. म्हणजे 41 लिटर, त्यातला एखादा ऊर्ध्वपातनात जाणार. टनाला 40 लिटर धरून चाला. कोणी 100 सांगत असेल तर तो यंत्र विकायला आलाय.

बोंडाचं वजन बीच्या साधारण आठपट असतं. हेक्टरी एक टन बी निघाली तर आठ टन बोंडं, म्हणजे हंगामात 320 लिटर. 2024-25 साठी सी-हेवी मळीच्या इथेनॉलचा सरकारी दर लिटरला 57.97 रुपये ठरला होता. तुम्हाला तोच मिळेल असं नाही, पण अंदाजाला धरला तर टनभर बोंडांचे 2,300 रुपये होतात. त्यातच वेचणी, वाहतूक, दाबणी, जळण सगळं बसवायचं. टनभर बोंडं वेचायला किती गडी लागतात हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

आता यीस्ट. काटक यीस्ट कशासाठी हवं, हे समजलं तर कुठलं घ्यायचं ते आपोआप कळतं. गोव्यातला भाटीवाला, म्हणजे फेणी गाळणारा, यीस्ट म्हणून काही घालतच नाही. बोंडाच्या सालीवर जे असतं तेच निरोला, म्हणजे बोंडाच्या ताज्या रसाला, लागतं. सकाळी काढलेला निरो संध्याकाळी फसफसायला लागतो, आणि तीन-चार दिवसांत काम उरकतं. हे जमतं कारण भांडं लहान असतं. किण्वनात उष्णता निघते. 11-12 टक्के साखरेच्या रसातली उष्णता अजिबात बाहेर पडली नाही तर रस पंधरा-सोळा अंशांनी तापेल. शंभर-दोनशे लिटरच्या भांड्याची अंगं ती उष्णता हवेला देऊन टाकतात. पाच-दहा हजार लिटरच्या टाकीला ते जमत नाही. एप्रिलात रसच मुळात 32 अंशांचा असतो, तो रातोरात 42 ला जातो. बेकरीच्या यीस्टचा जीव रमतो 30 ते 33 ला. 37 नंतर ते कुरकुरतं आणि 40 च्या वर थांबतं.

हे मी भोगलंय. एका प्रक्रिया कारखान्यात पाच हजार लिटरच्या टाकीत बोंडाचा रस घेतला होता. बाजारचं सुकं यीस्ट, पाण्याची जाकीट नाही, कारण मालकांना ती खर्चिक वाटली आणि मी जोर लावला नाही. पहिला दिवस झकास. टाकीला कान लावला तर आत वळवाचा पाऊस पडल्यासारखा आवाज. दुसऱ्या दिवशी पहाटे वॉचमनचा फोन आला, "साहेब, टाकी गप्प झालीय." जाऊन बघतो तर 41 अंश, अर्धी साखर तशीच शिल्लक आणि झाकण उघडल्यावर व्हिनेगरचा भपका. टाकी नंतर गार केली, नवं यीस्ट घातलं, काही उपयोग झाला नाही. ॲसिटिक आम्ल एकदा साचलं की नव्या यीस्टलाही ते उभं राहू देत नाही. सगळा माल नारळीच्या आळ्यांत ओतावा लागला, तोही चुना टाकून.

यातली गोम अशी. ऊन एकटं यीस्टला मारत नाही, अल्कोहोलही एकटं मारत नाही. दोन्ही एकत्र आले की पेशीचं आवरण गळकं होतं. 30 अंशांना 10-12 टक्के अल्कोहोल सहज पचवणारं यीस्ट 40 ला सहा-सात टक्क्यांतच गार पडतं. त्यात आवरणातून आम्ल आत शिरलं की पेशीची सगळी ताकद ते बाहेर फेकण्यात जाते. म्हणून जाहिरातीत 'उष्णतासह' लिहिलेलं असलं तरी विचारा: किती अल्कोहोलला? नुसतं 45 अंशांना वाढतं एवढ्याने आपलं काम होत नाही.

तुमच्यासमोर तीन उमेदवार येतील. पहिलं आपलं नेहमीचं सॅकरोमायसिस सेरेव्हिसिए, त्यातल्या उन्हाला सरावलेल्या जाती. दुसरं क्लुइव्हेरोमायसिस मार्क्सियानस. हे 45 अंशांनाही वाढतं, दह्या-ताकातही सापडतं आणि खाण्याच्या दृष्टीने निर्धोक मानलं जातं. पण त्याला थोडी हवा लागते आणि अल्कोहोल सोसण्यात ते कच्चं आहे. तिसरं पिचिया कुद्रियावझेव्ही. कुजक्या फळांच्या ढिगात हे हमखास भेटतं. ऊन, आम्ल, मीठ सगळं सोसतं, प्रयोगशाळेत त्याचे आकडे डोळे दिपवतात. पण वैद्यकात ज्याला कँडिडा क्रुसेई म्हणतात ते हेच; 2018 मध्ये दोघांचे जनुकसंच ताडून पाहिले तेव्हा जात एकच निघाली. फ्लुकोनॅझोल हे बुरशीवरचं नेहमीचं औषध त्याला लागू पडत नाही. धडधाकट माणसाला सहसा काही करत नाही, पण मधुमेही किंवा केमो चालू असलेला कामगार टाकीजवळ असेल तर मी हे वापरणार नाही. गावात हजारो लिटरमध्ये तर नाहीच.

बोंडाच्या रसात शेवटी अल्कोहोल चढतं ते सहा टक्क्यांच्या आसपास. तेवढ्याला क्लुइव्हेरोमायसिस कसंबसं पुरतं. पण पुढे सांगणार आहे तसं तुम्हाला अल्कोहोल नऊ-दहा टक्क्यांवर न्यावं लागेल आणि तिथे ते हात टेकतं. म्हणून माझा कौल सॅकरोमायसिसला, तोही तुमच्याच भागातून वेचलेल्या.

वेचायचं कसं? ब्राझीलच्या ऊस डिस्टिलऱ्यांची गोष्ट इथे उपयोगी आहे. तिथे हंगामाच्या सुरुवातीला बेकरीचं यीस्ट घालत. काही आठवड्यांत तपासलं की टाकीत त्याचा मागमूस नसे. रसाबरोबर आलेल्या जंगली जातींनी त्याला हुसकावलेलं असे. तिथल्या लोकांनी मग त्या घुसखोरांनाच पकडलं. आज तिथे गाजलेल्या पीई-2 आणि कॅट-1 या जाती अशा डिस्टिलरीच्या टाक्यांतूनच आल्या आहेत. तुमचे घुसखोर तुमच्या बागेत पडलेले आहेत.

चार-पाच दिवस कुजलेली, आंबूस वासाची बोंडं वेगवेगळ्या बागांतून घ्या. व्हिनेगरचा वास मारणारी नकोत. त्यांचा थोडा रस उकळून गार केलेल्या बोंडाच्या रसात घाला, साखर घालून तो 18-20 ब्रिक्सवर (ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचं माप, साधारण टक्के) न्या, त्यात शुद्ध अल्कोहोल पाच-सहा टक्के मिसळा आणि 40 अंशांना दोन दिवस ठेवा. सालीवरची बहुतेक लिंबाच्या आकाराची यीस्टं, हॅन्सेनियास्पोरा वगैरे, इथेच गळतात. चार-पाच टक्के अल्कोहोलला ती मान टाकतात. जे उरलं त्यातलं शंभरात एक या प्रमाणात नव्या रसात. असं पाच वेळा. मग अगार प्लेटवर (जेलीसारख्या खाद्याच्या तबकडीवर) रेघा ओढून सुट्या वसाहती वेगळ्या करायच्या. अगारमध्ये क्लोरॅम्फेनिकॉल घातलं की जिवाणू उगवत नाहीत. हे काम जवळच्या कॉलेजच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागाकडे द्या, एम.एस्सी.च्या मुलांना प्रकल्प हवेच असतात. शेवटच्या दोन-तीन वसाहतींची जात डीएनएवरून ओळखून घ्यायला विसरू नका, कारण वर सांगितलेली पिचिया याच चाळणीतून सगळ्यात दिमाखात पुढे येते. तुलनेला आणि सुरुवातीला ओळखीची जात हवी असेल तर पुण्याला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा संग्रह आहे, तिथून पैसे भरून मागवता येते.

कुठली वसाहत सरस हे ठरवायला मोठं यंत्र लागत नाही. लिटरभर रस बाटलीत घ्या, बुचाला नळी, नळीचं टोक पाण्यात, आणि नळी काढून बाटली रोज सकाळ-संध्याकाळ ग्रॅमच्या काट्यावर ठेवा. वजन घटतं ते कार्बन डायऑक्साइडचं. एक ग्रॅम घट म्हणजे 1.05 ग्रॅम इथेनॉल. रसात 110 ग्रॅम साखर असेल तर पूर्ण किण्वनाला घट 54 ग्रॅम. 48 ग्रॅमपर्यंत गेली तर उत्तम. जी बाटली 40 अंशांना 48 तासांत तिथे पोचते ती जिंकली. 30 ला कोण पहिलं आलं याला किंमत नाही. आणि हो, किण्वन सुरू झाल्यावर रिफ्रॅक्टोमीटरवर विसंबू नका. अल्कोहोलमुळे तो साखर जास्त दाखवतो आणि माणूस उगाच घाबरतो. तिथे साधा हायड्रोमीटर बरा, तोही रस गाळून.

आता टाकीतल्या गोष्टी, भराभर. बोंडात टॅनिन भरपूर. घशाला जो खरखरीतपणा येतो तोच यीस्टलाही जाचतो. साबुदाण्याची किंवा तांदळाची पातळ पेज घालून ढवळलं की टॅनिन धरून गाळ खाली बसतो. वरचं नितळ घ्या. आम्लता बघायची गरज नाही, रसाचा पीएच मुळातच चार ते साडेचार असतो, आम्ल घालू नका. नायट्रोजन मात्र कमी पडतो: लिटरला अर्धा ते एक ग्रॅम डीएपी, एकदम न घालता दोन हप्त्यांत. पहिले पाच-सहा तास हवा द्या. यीस्ट आवरण मजबूत करणारं एर्गोस्टेरॉल हवेशिवाय बनवू शकत नाही. पहिल्या दिवशीची ती हवा तिसऱ्या दिवशी अल्कोहोल सोसायला उपयोगी पडते. नंतर हवा बंद. तळाचं यीस्ट टाकून न देता पुन्हा वापरायचं असेल तर ब्राझीलवाल्यांसारखं पातळ सल्फ्युरिक आम्लात, पीएच दोन-अडीचवर, तास-दोन तास ढवळून घ्या. जिवाणू मरतात, यीस्ट तगतं. काटकपणाची खरी परीक्षा तीच. नाजूक जात तिसऱ्या धुण्यात संपते.

टाकीत माणूस उतरवताना: कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड, तळाशी साचून राहतो, वास नाही. रिकामी टाकी म्हणून धुवायला उतरलेला माणूस दोन श्वासांत कोसळतो आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही. जमिनीतल्या टाक्या तर बांधूच नका.

इथपर्यंत सगळं जमतं. अडतं ते पुढे. सहा टक्के अल्कोहोलच्या वॉशमधून (किण्वन झालेल्या रसातून) एक लिटर इथेनॉल काढायचं म्हणजे साडेसोळा लिटर द्रव तापवायचा. 30 अंशांवरून 95 वर न्यायला साडेचार मेगाज्यूल. लाकडाच्या चुलीवरच्या भट्टीत जळणाची पाव उष्णता भांड्याला लागते असं धरलं तर लाकडं जाळायची 18 मेगाज्यूलची. आणि लिटरभर इथेनॉलमध्ये ऊर्जा असते 21. ही नुसती तापवण्याची गोष्ट झाली. वाफ करायची उष्णता अजून धरलेली नाही, ती याहून जास्त. थोडक्यात, साध्या भट्टीवर इंधन करायला गेलात तर निघेल त्याच्या कितीतरी पट इंधन चुलीत जाईल. फेणीवाल्याला ते परवडतं कारण तो ऊर्जा विकत नाही, फेणी विकतो. शिवाय भट्टीतून मिळणारं अल्कोहोल पेट्रोलमध्ये मिसळायच्या कामाचं नाही. कितीही ऊर्ध्वपातन करा, वजनाने 95.6 टक्क्यांवर ते अडतं. पुढचं पाणी काढायला मॉलिक्युलर सिव्ह लागते आणि ती लहान प्रमाणावर परवडत नाही. वर लिटरमागे पंधरा-सोळा लिटर स्पेंट वॉश, म्हणजे गाळून उरलेलं सांडपाणी, तुमच्या दारात, ज्याला ओढ्यात सोडलं तर मासे वर येतील.

म्हणून वळसा. घाटावर, कोल्हापूरकडे, मळीच्या डिस्टिलऱ्या आहेत. मळी 80-85 ब्रिक्सची, पाकासारखी घट्ट. यीस्टला देण्याआधी तिच्यात भरपूर पाणी मिसळावं लागतं. त्या पाण्याच्या जागी बोंडाचा रस घाला. मग रसातली 11 टक्के साखर फुकट वर चढते, वॉश नऊ-दहा टक्क्यांचा राहतो, आणि त्यांचा कॉलम, सिव्ह, स्पेंट वॉशची व्यवस्था सगळं आधीच उभं असतं. मळीच्या क्षारांना आणि बोंडाच्या टॅनिनला एकाच वेळी तोंड देणारं यीस्ट हवं, आणि तुमच्या वेचलेल्या काटक जातीची खरी कमाई इथे आहे. बाटलीतली चाचणी अर्धा रस, अर्धी पातळ मळी अशीही करून बघा. दहा हजार लिटरच्या टँकरमध्ये 1,100 किलो साखर जाते, तिचं 600 लिटर इथेनॉल, वरच्याच दराने 35 हजारांच्या आसपास. आंबोली चढून जायचं भाडं आणि डिस्टिलरीचा वाटा त्यातून वजा करा. उरलं तर करा. फक्त टँकरचं झाकण घट्ट लावू नका. रस वाटेतच उकळी फुटल्यासारखा फसफसतो आणि ड्रायव्हरला घाटात ते समजावून सांगणं अवघड.

डिस्टिलरी तयार झाली नाही तर माझा सल्ला बायोगॅसचा. ऊर्ध्वपातन नाही, चोथाही आत जातो, आणि शेजारच्या बी भाजायच्या युनिटला गॅस विकता येतो. मात्र शेणावर चाललेल्या संयंत्रात बोंडं हळूहळू वाढवत न्या. एकदम घातली की आत आम्ल साचून गॅस बंद पडतो, आणि पुन्हा चालू व्हायला महिना जातो. बोंडं संपल्यावर वर्षभर काय घालणार, याचं उत्तर आधी शोधा.

कायद्याचं शेवटी लिहितोय, पण करायचं पहिलं. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम 1949 चा आहे आणि परवान्याशिवाय अल्कोहोल गाळणं गुन्हा आहे, मग ते पिण्यासाठी असो की इंजिनासाठी. ऑक्टोबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने औद्योगिक अल्कोहोलवरही राज्यांचा अधिकार मान्य केला, त्यामुळे तुमची गाठ राज्य उत्पादन शुल्क विभागाशीच. बाटल्यांच्या चाचण्या कॉलेजमध्ये करा म्हणतो त्याचं हेही एक कारण. यीस्ट वेचताना लागणारं शुद्ध अल्कोहोलही त्यांच्याकडे परवान्यावर असतं. आणि चाचणीतलं काही पिऊन बघू नका. फळातल्या पेक्टिनपासून थोडं मिथेनॉल निघतं, आणि आंधळ्या हाताने गाळलेल्यात ते कुठे साचलंय हे जिभेला कळत नाही.

बेकरीच्या यीस्टचं राहिलं. चालतं, दोनशे लिटरच्या पिंपात, सावलीत, ओलं पोतं गुंडाळून. चाचणीत तुलनेला एक बाटली त्याची ठेवाच. बोंडं मार्चच्या शेवटच्या आठवड्यातली घ्या, झाडावरून पिकून पडलेली, त्याच दिवशीची. वळवाचा पाऊस झाल्यावर पडलेली घेऊ नका. त्यांचा ब्रिक्स उतरलेला असतो आणि मग कुठलं यीस्ट हरलं आणि कुठला रस, ते कळत नाही.